बुजवलेले काज

खोली एक, खाट एक, राहणारी माणसे दोन. पण दोघे एकत्र महिन्यातून चारच दिवस. दादा लांब पल्ल्याचा ट्रक चालवी. उरलेले दिवस त्या चार भिंतींत सोळा वर्षांची बारकी एकटी. खरे नाव शाळेच्या दाखल्यावर होते. हाक मारणारा जगात एकच, आणि तो 'बारके' म्हणे; म्हणून आपणही तिला तसेच म्हणू.

या खेपेला निघताना दादा म्हणाला होता, "हे बघ बारके, गुरुवारी येतो मी. तोवर काही काम लागलं तर राहा इथंच. नाहीतर आत्याकडे सोडून येतो. तू दिवसभर एकटी, आणि तिकडे माझ्या जिवाला घोर."

आत्या काही वाईट नव्हती. पण तिच्या घरी बारकी नऊ वर्षे राहिली आणि नऊही वर्षे पाहुणीच राहिली. ताट वाढले जाई. वाट पाहिली जात नसे.

म्हणून ती काम शोधत फिरू लागली. औषधाच्या दुकानात विचारले, "अनुभव आहे?" झेरॉक्सवाल्याने विचारले, "कुणी पाठवलं?" चपलांच्या दुकानातली बाई हिच्याच चपलांकडे बघत "नको" म्हणाली. सहा दारे, सहा नकार. त्या आठवड्यात तिच्याशी जी माणसे बोलली ती एवढीच. आणि संध्याकाळी रिकाम्या खोलीत ते लेकरू त्यांचेच आवाज आठवीत बसे. कारण नकार असला तरी तो माणसाच्या तोंडचा होता.

सोमवारी सातव्या दारावर पाटी दिसली, 'मदतनीस पाहिजे'. आत रफूवाले काका, कपाळावर भिंग चढवलेले. मागच्या टेबलाशी इस्त्रीवाल्या मावशी.

"रफू येतं?"

"येतं."

"सगळेच म्हणतात येतं. मग ठिगळं लावतात."

"अहो, बसू तर द्या तिला," मावशी म्हणाल्या. "फौजदारासारखे काय उलटतपासणी घेताय?"

काकांनी काळा लोकरी कोट पुढे टाकला. "कसर लागलीय. भोकं बुजव. दोन तासांत येतो मी. उद्या गिऱ्हाईक न्यायला येणार आहे."

भोके किती आणि कुठे, ते सांगितले नाही. परीक्षा तीच होती.

आत्याच्या घरी फाटलेले सगळे हिच्याकडे येई आणि ही ते निमूट जोडी. तिने कोटाच्या आतल्या शिवणीतून त्याच कापडाचे धागे उसवून घेतले. सुई एका धाग्यावरून, एका धाग्याखालून, एकावरून, एकाखालून. कोपरावरचे भोक मिटले, खिशावरचे मिटले. मग कॉलरखाली छातीवर दुमडलेल्या पट्टीत एक चीर सापडली. कडा दोऱ्याने घट्ट बांधलेल्या. काज म्हणावे तर समोर बटण हवे; तिने शोधले, नव्हते. कुणा अडाण्याने चीर न बुजवता नुसत्या कडा बांधल्या असणार, असे तिला वाटले. तिच्या घरात कोट कधी कुणी घातलाच नव्हता. तिने कडेचा दोरा काढला आणि जीव ओतून ती चीर विणून टाकली. बाबांनो, अशी चूक आळशाच्या हातून होत नाही. ती व्हायला मन लावून काम करावे लागते.

काका आले. कोपर पाहिले. "हं." खिसा पाहिला. मग अंगठा छातीवरच्या पट्टीवर थांबला.

"इथलं काज कुठं गेलं?"

"ते फाटलं होतं."

मावशींनी इस्त्री उभी केली आणि पोट धरून हसल्या. "अगं बाई, ती फूल खोचायची जागा. तीच बुजवलीस होय?"

बारकीच्या कानशिलापर्यंत रक्त चढले. "चुकलं. जाते मी."

काकांनी पट्टी खिडकीशी धरली. भिंग डोळ्यावर ओढले. बोट फिरवले, पुन्हा फिरवले. "चाळीस वर्षं हेच करतोय," ते म्हणाले, "आणि मला जागा सापडत नाहीये."

मग त्यांनी कात्री तिच्यापुढे धरली. "काप."

"मी?"

"तूच. गिऱ्हाइकाला त्याचं काज हवंय, तुझं रफू नको. कापून काज नीट केलंस, तर उद्यापासून ये."

ती जागा आता तिला एकटीलाच ठाऊक होती. तिच्या हातून आजवर घडलेले सर्वांत सुंदर काम. ते पाहायला दादा नव्हता, आत्या नव्हती. दोन अनोळखी माणसे होती, आणि सर्व हातांच्या मागे ज्याचा हात आहे तो दयाघन होता. तिने कात्री चालवली. धागे तुटल्याचा बारीक आवाज झाला. मग तासभर मान खाली घालून तिने काज बांधले.

काकांनी ते पाहून मान डोलावली. "नऊला ये. घरी सांगून ठेव, सातशिवाय सुटका नाही."

"घरी कुणी नाही. दादा गुरुवारी येईल."

"मग फोन कर त्याला."

"गाडीवर असला की उचलत नाही."

मग मावशींनी हातातले काम बाजूला ठेवले.

"बरं, मग मला सांग. आज काय झालं?"

बारकीने त्यांच्याकडे पाहिले. किती दिवसांत तिला हे कुणी विचारले नव्हते.

"काम लागलं," ती हळूच म्हणाली.

"हो का? कुठं गं?" मावशी म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच ऐकत असल्यासारख्या स्टुलावर बसल्या.