वादळाच्या आदल्या दिवशी मावशीच्या घरी

एरवी कुठे जायचं तर मी तीन आठवडे आधीपासून याद्या करते. या वेळी पंधरा मिनिटांत घराबाहेर पडले. मंगळवारी सकाळी बातम्यांत दिसलं, की मेक्सिकोच्या आखातातल्या हरिकेनचा रोख टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनच्या बाजूला वळलाय. लगेच सुधामावशीला फोन लावला.

"निघालीस ना?"

"कशाला? पाणी भरून ठेवलंय, बॅटऱ्या आहेत. आणि गुरुवारी काकांचं वर्षश्राद्ध आहे. ते झाल्याशिवाय मी कुठेही येणार नाही."

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, वय चौऱ्याहत्तर. काका तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यात इंजिनिअर होते, त्यामुळे दोघं गॅल्व्हस्टनजवळ खाडीकाठच्या छोट्या गावात चाळीस वर्षं राहिली. मूलबाळ नाही. गेल्या वर्षी काका त्याच घरात, सकाळचा चहा घेता घेता गेले. वर्ष पूर्ण होईपर्यंत एकही रात्र घर बंद ठेवायचं नाही, असं तेव्हा मावशीनं ठरवलं आणि पाळलंही. दिवाळीला डॅलसजवळ अर्विंगला आमच्याकडे ये म्हणून मी किती मागे लागले होते, पण ती आली नाही.

"यार, लोक तिकडून पळतायत आणि तू तिकडे चाललीस?" माझा नवरा निखिल म्हणाला.

"उद्या रात्री तिला घेऊन परत येते."

"आणि ती नाही म्हणाली तर?"

दोन्ही मुलं शाळेत होती, त्यांना सांगायचंही निखिलवर सोपवलं आणि गाडी काढली.

अर्विंगहून खाली, किनाऱ्याकडे जायला पंचेचाळीस नंबरचा हायवे. एरवी पाच तास लागतात. माझ्या बाजूचा रस्ता मोकळा आणि समोरून येणारा गच्च भरलेला, असं दृश्य मी पहिल्यांदाच पाहिलं. टपावर गाद्या, मागे बोटी, खिडक्यांतून डोकावणारी कुत्री. अशा वेळी कुणाला खाली जावंच लागलं तर एक सांगते: अर्धी टाकी रिकामी झाली की भरून घ्या आणि थोडी रोकड जवळ ठेवा. हंट्सव्हिलच्या पुढे निम्म्या पंपांवर पेट्रोल संपल्याच्या पिवळ्या पिशव्या लटकत होत्या. जेवण म्हणाल तर हायवेवर घेतलेले चीज आणि हालापेन्यो मिरची भरलेले दोन कोलाची पाव आणि कॉफी. भूक अशी नव्हतीच.

तीनला पोचले. आता तिथे नवी घरं खांबांवर बांधतात, पण मावशीचं जुनं, जमिनीलगत. काकांनी प्रत्येक खिडकीच्या मापाची प्लायवूडची फळी कापून गॅरेजमध्ये रचून ठेवली होती. प्रत्येकीवर जाड मार्करनं मराठीत लिहिलेलं: देवघर. न्हाणीघर. स्वयंपाकघर, ओट्यावरची. शेजारचा वॉल्टर, सत्तरी ओलांडलेला, ड्रिल घेऊन त्या ढिगाकडे बघत उभा होता.

"तुझे काका दर जूनमध्ये मला हे सगळं समजावून सांगायचे," तो म्हणाला. "पण मला अजून एक अक्षर वाचता येत नाही."

मी वाचत गेले आणि वॉल्टर स्क्रू मारत गेला. देवघराची फळी लावताना त्यानं टोपी काढली. देवघर म्हणजे काय ते त्याला काकांनी सांगितलं असणार.

आत मावशीनं पाण्याची जय्यत तयारी केली होती. बाथटब भरलेला, शिवाय झाडून सगळी पातेली, डबे, कुकर, देवातला तांब्यासुद्धा. पुण्यात दिवसाआड पाणी यायचं तेव्हापासूनची सवय. मी म्हटलं, "मावशी, पाणी कमी पडणार नाहीये गं, जास्त होणार आहे." ती हसली नाही. मग मी फ्रीझरमध्ये कपभर बर्फावर नाणं ठेवलं, म्हणजे परत आल्यावर नाणं बुडालेलं दिसलं तर समजायचं, की वीज गेली होती आणि आतलं सगळं टाकून द्यायचं. विम्यासाठी खोलीखोलीचे फोटो काढले. पासपोर्ट, घराची कागदपत्रं, तिची गोळ्यांची पिशवी प्लॅस्टिकमध्ये घातली. अंगणातल्या कुंड्या आणि खुर्च्या आत घेतल्या. मावशी सगळ्याला हो म्हणत होती, फक्त स्वतःची बॅग भरत नव्हती.

बुधवारी सकाळी फोनवर तो कर्कश इशारा वाजला. संध्याकाळी सहापर्यंत गाव रिकामं करा. गुरुवारी पहाटे खाडीचं पाणी आत येईल, नंतर मदतीला कुणी येऊ शकणार नाही. मी बाहेर आले तर मावशी परसातल्या केळीची पानं कापत होती.

"वाऱ्यानं फाटतील, म्हणून आजच काढून ठेवते," ती म्हणाली. ओट्यावर वड्यांसाठी डाळही भिजत होती.

मी समजावलं, चिडले, शेवटी रडले. "तू नाही आलीस तर मीही इथेच राहीन," असंही म्हणून बसले.

"तू जा," ती म्हणाली. "चाळीस वर्षांत किती वादळं पाहिली. ते या घरातनं गेले. उद्या ते येणार आणि घराला कुलूप?"

मी गॅरेजमध्ये जाऊन आमच्या गुरुजींना फोन लावला, काही पर्याय असेल तर विचारावा म्हणून. दोनदा लावला, त्यांनी उचलला नाही. तिथे उभी असताना मला ते सुचलं. आत येऊन भिंतीवरच्या पुण्याच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं.

"मावशी, गुरुजी म्हणतात, हे कॅलेंडर तिकडचं आहे. आपण साडेदहा तास मागे. इथे दुपारची तिथी आज येते, उद्या नाही."

ती हातातलं पान पुसत राहिली. "गुरुजी म्हणाले?"

"हो."

तिनं पान बाजूला ठेवून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं. डाळ वाटायला घे."

दोन तासांत तिनं एकटीनं सगळा स्वयंपाक केला: वडे, खीर, आमसुलाची चटणी, भोपळ्याची भाजी, कढी. मी फक्त वाटण आणि चिरणं. खिडक्यांवर फळ्या असल्यामुळे भर दुपारी घरात अंधार होता. काकांच्या फोटोसमोर समई लावून तिनं पान वाढलं आणि हात जोडले. "घाईत झालंय. सांभाळून घ्या," एवढंच मोठ्यानं म्हणाली. मी मान खाली घातली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, तरी एक डोळा घड्याळावर होताच.

वॉल्टरलाही पान वाढलं. त्यानं उभ्याउभ्या दोन वडे खाल्ले आणि तो मुलीकडे निघाला. आम्ही गॅस बंद केला, गॅरेजच्या दाराशी वाळूची पोती लावली. मावशीनं काकांचा फोटो साडीत गुंडाळून मांडीवर घेतला आणि चारला आम्ही निघालो. पाच तासांच्या रस्त्याला नऊ तास लागले. ह्यूस्टन पार केल्यावर तिनं डबा उघडून मला एक वडा भरवला, कारण माझे हात स्टिअरिंगवर होते.

गुरुवारी सकाळी वॉल्टरचा मेसेज आला. त्याच्या वरच्या मजल्यावरच्या कॅमेऱ्यातला फोटो होता. मावशीच्या घराच्या खिडक्यांच्या निम्म्यापर्यंत पाणी, फक्त फळ्यांचे वरचे भाग दिसत होते. मी फोन तिच्या हातात दिला. तिनं तो डोळ्यांजवळ धरून पाहिला, परत दिला आणि अंघोळीला गेली.

मी ऑफिसच्या कॉलवर बसले. सुटल्यासारखं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही. एक वाजता खाली आले तर घरभर वड्यांचा वास. ओट्याजवळ काकांचा फोटो, समोर समई, आणि आमच्या स्टीलच्या ताटात सगळं पुन्हा वाढलेलं. केळीची पानं तिकडेच राहिली होती.

"मावशी, हे काल झालं ना?"

"मीनल, तुझे गुरुजी या देशात यायच्या आधी आजूबाजूचे लोक तिथी विचारायला मला फोन करायचे. साडेदहा तास मला वजा करता येतात गं."

"मग काल का केलंस?"

"तू मला सोडून जाणार नव्हतीस. तुझी दोन पोरं इथे, आणि तू माझ्यापायी तिथे बसली असतीस." तिनं खिरीची वाटी सरळ केली. "ह्यांनी तुला लहानपणापासून पाहिलेलं. ह्यांना चाललं नसतं."

"मी खोटं बोलले, मावशी."

"हो, बोललीस," ती म्हणाली. "आता हातपाय धुऊन ये. आज तिथी आहे."