खाकीची इस्त्री

लाँड्रीवाल्या मावशींना कपड्यांचा वीट आला होता, आणि त्यांच्या जागी तुम्ही असतात तर तुम्हालाही आला असता. दिवसभर इस्पितळाच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायच्या आणि घरी येऊन पुन्हा कपडेच. त्यात आता घर बदलायचं. नवऱ्याला लकवा झाल्यापासून जिना झेपत नव्हता, म्हणून तळमजल्यावरची एक खोली घेतली होती. तिथे कपाट एकच मावणार होतं. सामान न्यायला संध्याकाळी टेम्पो यायचा होता.

मदतीला नणंद आली होती. बाई कामाला वाघ, पण जिभेला हाड नाही. सकाळपासून तिने दोन ढीग लावले होते, न्यायचे आणि द्यायचे. मावशींचा विरलेला स्वेटर द्यायच्यात गेला, लेकीचे शाळेतले कपडे गेले, तरी मावशी हूं की चूं करेनात. कंबरेचा काटा ढिला झाला होता, कधी एकदा आडवी होतेय असं झालं होतं.

मग नणंदेच्या हाती खाकी गणवेश लागले. नवरा बस चालवायचा, त्या वेळचे. अंगावर चढत नसले तरी मावशी ते दर सुट्टीला धुवायच्या, कडक इस्त्री करायच्या आणि त्याच्या खुर्चीसमोर टांगायच्या. "बरे झालात की घालायचेत," म्हणायच्या. तो मान डोलवायचा. या गणवेशाच्या आशेवरच हा माणूस तगून आहे, अशी त्यांची खात्री होती. डॉक्टरांनी केव्हाच नाही म्हटलं होतं, पण ते त्यांनी त्याच्या कानावर येऊ दिलं नव्हतं.

"वहिनी, हे आता कोण घालणार गं?" नणंद बोलून गेली.

खुर्चीतल्या नवऱ्याने वर पाहिलं. मावशींच्या ओठांवर नेहमीची थाप आली, पण ती मारायलाही अंगात त्राण लागतं. त्या मटकन खाली बसल्या.

"कोणी नाही," त्या म्हणाल्या. "अहो, तुम्हाला आता बस चालवता येणार नाही. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. मीच लपवलं."

नणंदेने जीभ चावली.

"मला माहीत आहे," नवरा सावकाश म्हणाला. "पाय माझा आहे. मला कळणार नाही होय?"

"मग बोलला का नाहीत इतके दिवस?"

"तू एवढ्या हौसेने इस्त्री करायचीस. म्हटलं, हिला आशा आहे, कशाला मोडा."

रागवावं की रडावं, मावशींना कळेना.

"हौसेने म्हणे," त्या म्हणाल्या. "कंबर मोडली माझी."

तो तोंडाच्या एका बाजूने हसला. मावशीही हसल्या आणि हसता हसता रडल्या. मग तिथेच कपड्यांच्या ढिगावर कलंडल्या आणि भरदिवसा त्यांना गाढ झोप लागली.

नणंद त्यांच्या अंगाखालचे कपडे ओढायला वाकली, तेव्हा नवऱ्याने चांगला हात वर केला.

"राहू दे," तो म्हणाला. "टेम्पोवाल्याला सांग, उद्या ये."