सूर्यामागचा लांडगा

सातवा महिना लागला होता. दुपारी जेवून मी आडवी झाले की पोटातलं बाळ लाथा मारायला लागायचं. पहिल्या खेपेला सहाव्या महिन्यात हेच हलणं एकाएकी थांबलं होतं आणि नंतर सगळंच संपलं होतं. त्यामुळे या वेळी हातात कुठलंही काम असो, माझं अर्धं लक्ष पोटाकडे असायचं.

ताडकळसच्या शाळेत मी इतिहास शिकवते. त्या दिवाळीच्या सुटीत मी नॉर्वे-आइसलँडकडच्या जुन्या देवांबद्दल वाचत होते. वर्गातल्या मुलांनी मोबाइलवर हातोडा फिरवणारा थोर पाहिला होता. "मॅडम, ह्यो खराच देव हाय का?" म्हणून त्यांनी पिच्छा पुरवला, तेव्हा सुटी संपल्यावर सांगते असं मी कबूल केलं होतं.

वाचताना कळलं की थोर मुख्यतः शेतकऱ्यांचा देव. गडगडाट त्याचा, पाऊस त्याचा. त्याचा हातोडा ताईतासारखा माणसं गळ्यात घालायची. त्याचा बाप ओडिन, सगळ्या देवांचा राजा. शहाणपण मिळावं म्हणून त्यानं स्वतःचा एक डोळा काढून दिला होता. या देवांना मानणारे लोक तलवारी घेऊन जहाजांतून लुटीला जायचे खरे, पण त्यातले बरेच जण जव पेरणारे, गुरं राखणारेच होते. हिवाळ्यात घराच्या एका टोकाला गुरं बांधायची आणि दुसऱ्या टोकाला शेकोटीच्या धुरात सगळ्यांनी बसून राहायचं. आपण पावसाची वाट बघतो, ते उन्हाची बघायचे.

त्यांचा सूर्य म्हणजे एक बाई होती. घोड्यांचा रथ हाकत ती आभाळातून जिवाच्या आकांतानं पळायची, कारण स्कोल नावाचा लांडगा तिच्या मागे लागलेला होता. एक दिवस तो तिला गाठणार, गिळणार. मग मोठं युद्ध होऊन देवसुद्धा मरणार. हे देवांनाही माहीत होतं आणि त्यांना पुजणाऱ्या माणसांनाही. आपल्याकडचा राहू गिळतो, पण सोडून देतो. त्यांचा लांडगा सोडणारा नव्हता.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण आलं. सकाळीच शेजारच्या काकू दारात आल्या. त्यांच्याकडे सगळं कडक पाळतात.

"सूनबाई, आज सुरी-कात्री धरू नका. चार वाजल्यापासून आत बसा, हलू नका."

सासऱ्यांनी पेपरातून मान वर केली. ते निवृत्त कारकून. त्यांच्या वडिलांनी धम्माची दीक्षा घेतलेली, आणि घरात असलं काही चालू द्यायचं नाही हा त्यांचा बाणा. "वहिनी, आमच्यात गिराण न्हाई पाळत."

"तुमच्यात न्हाई पाळत, पण पोटातल्याला काय ठाव तुमच्यात काय अन् आमच्यात काय?" असं म्हणून काकू निघून गेल्या. त्या दिवशी भाजी चिरायला मात्र सासूबाईंनी मला विळीपाशी बसू दिलं नाही.

दुपारी आडवी झाले तेव्हा बाळ हललं नाही. झोपलं असेल, म्हटलं. कूस बदलली. तरी नाही. पाच वाजता सासऱ्यांनी गच्चीवरून हाक मारली. पुठ्ठ्याला भोक पाडून त्यांनी पांढऱ्या कागदावर सूर्याचं चित्र पाडलं होतं आणि गल्लीतली पोरं भोवती जमली होती. कागदावर रुपयाएवढा उजेड होता, एका बाजूनं चावा घेतल्यासारखा. बघता बघता तो चावा मोठा होत गेला. ऊन होतं तरी पिवळं, आजारी दिसत होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी पोटावर हात दाबून उभी होते आणि आत काहीही होत नव्हतं.

"सुटंल आता," सासरे पोरांना म्हणाले. पण सुटलं नाही. कापसाच्या शेतांपलीकडे सूर्य तसाच, अर्धवट खाल्लेला, खाली गेला.

मी जिना कशी उतरले ते आठवत नाही. स्वयंपाकघरात सासूबाईंना म्हणाले, "आई, दुपारपासून हललं नाही."

त्यांनी मला डाव्या कुशीवर निजवलं, गुळाचं पाणी पाजलं आणि पोटावर हात ठेवून बसल्या. "हलायलंय का?" त्या सारखं विचारत होत्या. मी नकारार्थी मान हलवत होते. मग एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या आईनं दीक्षा घेतली, देव समदे नदीत सोडले. पण मी पोटुशी असताना गिराण आलं, तर तिनं मला खोलीत निजवून बाहेरून कडी लावली. मला म्हणली, कुणाला सांगू नको. आज म्या तुला वर कशी जाऊ दिली गं?"

त्यांना रडू येऊ लागलं. तोवर निदान घरात दुसरं कुणी घाबरलेलं नव्हतं.

नवरा पूर्णेला रेल्वेत, ड्युटीवर. सासऱ्यांनी दोन-तीन जीपवाल्यांना फोन लावले. ग्रहण सुटल्याशिवाय कुणी निघायला तयार होईना. मग ते शेजारी गेले. जाताना त्यांच्या पायात चप्पल नव्हती. काकूंचे यजमान सकाळपासून निर्जळी होते. ग्रहण सुटून आंघोळ होईपर्यंत ते उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसत. ते जपमाळ खुंटीला अडकवून तसेच बाहेर आले आणि त्यांनी गाडी काढली. मागच्या सीटवर माझ्या एका बाजूला सासूबाई होत्या, दुसऱ्या बाजूला काकू येऊन बसल्या.

परभणीपर्यंत रस्ताभर खड्डे होते. खड्डा आला की मी डोळे मिटून वाट बघायची, आतून काही उत्तर येतंय का म्हणून. मला त्या पळणाऱ्या बाईची गोष्ट आठवत होती. लांडग्यानं गिळण्याआधी तिला एक मुलगी होते, आणि आई गेल्यावर तीच आभाळातली वाट पुढे चालवते. आई जाते, लेक राहते. मी मनात म्हणाले, असंच होऊ दे, चालेल मला. कुणाला म्हणाले, ठाऊक नाही. आमच्या घरात असं मागायला देव नाही.

दवाखान्यात नर्सनं पोटावर थंड जेल लावलं आणि यंत्र फिरवायला सुरुवात केली. खरखर. पुन्हा खरखर. तिनं यंत्र उचललं, परत टेकवलं. सासूबाईंनी माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. आणि मग आवाज आला. भरधाव, टपटप, घोडं पळाल्यासारखा.

"हे काय, मजेत आहे," नर्स म्हणाली. "झोपलं होतं."

काकूंनी भिंतीला टेकून डोळे पुसले. बाहेर त्यांच्या यजमानांनी व्हरांड्यातल्या नळाखाली आधी डोकं धरलं आणि मग ओंजळीनं कितीतरी वेळ पाणी प्यायलं.

सुटीनंतर मी वर्गात ते देव सांगितले. हेही सांगितलं की त्यांच्या बऱ्याचशा कथा धर्म बदलून ख्रिस्ती झालेल्या लोकांनी लिहून ठेवल्या; त्यांचे आजे-पणजे याच देवांना भीत होते. आणि तिकडे एका लोहाराचा साचा सापडलाय, त्यात क्रूसही ओतता यायचा आणि थोरचा हातोडाही. गिऱ्हाईक जे मागेल ते. पोरं हसली. मला हसू आलं नाही.

पौषात मुलगा झाला. पण तोवरच्या प्रत्येक दुपारी, मी आडवी झाले की सासरे दाराशी येऊन उभे राहायचे. आत यायचे नाहीत. पेपर हातात तसाच, आणि नजर दुसरीकडे.

"हललं का?" ते विचारायचे.

"हललं."

मग ते जायचे.