मुंगीएवढी स्प्रिंग आणि तांबोळीसाहेब

तांबोळीसाहेब हडपसरच्या आमच्या व्हॉल्व्ह कारखान्यात तपासणीला आले, तेव्हा मी जुना फिटर होतो. मी जोडलेला व्हॉल्व्ह उचलून त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "दादा, आतली स्प्रिंग घातलीत?"

"गळत नाही ना साहेब? मग झालं!"

"गळण्याशी तिचं काय नातं?" एवढंच बोलून त्यांनी तो व्हॉल्व्ह परत केला.

पेट घेणाऱ्या गॅसच्या व्हॉल्व्हमध्ये धातूचा गोळा टेफ्लॉनच्या, म्हणजे वीज न वाहणाऱ्या कड्यांत फिरतो. घासून त्याच्यावर वीज साचते. थंडीत स्वेटर काढताना चटचटते, तीच. मुंगीएवढी स्प्रिंग ती वीज बाहेरच्या कवचात, तिथून जमिनीत उतरवते. पण पाण्याच्या चाचणीत बिनस्प्रिंगचा व्हॉल्व्हही पास होतो. म्हणून आम्हाला ती फुकटची वाटे.

एकदा स्प्रिंगा संपल्या आणि माल तर निघायचा होता. मी काही व्हॉल्व्ह तसेच बंद केले. साहेबांनीही त्या घाईत नुसती पाण्याची चाचणी पाहून सही केली. त्यातला एक गॅसच्या प्लांटवर बसला. दुरुस्तीनंतर पाइपात हवा राहून गॅसमध्ये मिसळली होती. तिथले ऑपरेटर नामदेवराव तो उघडायला गेले, ठिणगी पडली, आणि ते घरी परतले नाहीत.

जळालेला व्हॉल्व्ह साहेबांनी माझ्यासमोर उघडला. स्प्रिंगचं भोक रिकामं.

"दादा?"

"नव्हती घातली, साहेब."

"वीज उतरते का ते पाहायला मीही मीटर लावला नव्हता. दोघांचं लिहू."

मालक म्हणाले, "विडी ओढली असेल त्यानं, तसं लिहा. नोकरी नकोशी झालीय का?"

"अहो, माणूस एकदा जळाला. पुन्हा कशाला जाळता?" साहेब म्हणाले.

अहवालात साहेबांनी स्वतःचं नाव माझ्या वर लिहिलं. मला समज मिळाली, साहेबांना तपासणीतून काढून कित्येक वर्षं गोदामात बसवलं. वाघोलीला नामदेवरावांच्या घरी साहेब मला घेऊन गेले. "वहिनी, चूक त्यांची नव्हती, आमची होती." वहिनींनी दार लावलं. रागवायचा हक्क त्यांचाच होता.

तपासणीत परतल्यावर साहेबांनी शिस्त घातली: पाण्याआधी मीटर. एक वायर गोळा फिरवणाऱ्या दांड्याला, एक कवचाला, काटा हलला की जोडणाऱ्यानेच मोठ्यानं म्हणायचं, "लागलं!" आजही आमच्या शेडमध्ये ती हाळी ऐकू येते.

साहेबांना त्यांच्या पंचाहत्तरीच्या सत्काराचं विचारलं, तर म्हणाले, "नामदेवरावांची चाळिशीही झाली नव्हती हो." म्हणून सत्कार नाही, शुभेच्छाही हळूच देतो. साहेब, आपण खूप जगावं, धडधाकट राहावं. आणि जळालेला व्हॉल्व्ह कुणाच्याच टेबलावर पुन्हा कधी न येवो.