कंपनीचा सेंटर

भगवान दाभाडे ठाणे खाडीकाठच्या पावणे गावात राहायला आला तेव्हा गावाने आधी त्याच्या उंचीची थट्टा केली, मग तिचा उपयोग करून घेतला. बयाबाईच्या चाळीतली खोली बघायला तो वाकून आत शिरला, तरी चौकट कपाळाला लागलीच.

"आरं, यो मानूस हाय का माड हाय?" बयाबाई म्हणाली. "रातचा पाय खय ठेवशील?"

"दार उघडं ठेवू," भगवान म्हणाला.

बयाबाई हसली आणि खोली दिली. पावसाळ्याच्या तोंडावर तिच्या छपराची कौलं त्याने शिडी न घेता खालूनच सारखी करून दिली. तेव्हापासून कोणाचा पत्रा निसटला, कोणाची वायर लोंबायला लागली की भगवानला हाक यायची.

तो जालन्याकडचा. भावकीतला एक जण औद्योगिक वसाहतीत कामाला होता, त्याच्या ओळखीने सत्त्याहत्तर साली बायकोला, रखमाला घेऊन इकडे आला. एका रंगाच्या कंपनीत ठेकेदाराकडे पिंपं उचलायचं काम मिळालं. तिथली माणसं कोणत्या खात्यातली ते त्यांच्या अंगावरच्या रंगावरून कळायचं. भगवान जांभळ्या खात्यात होता. रखमा त्याचे कपडे वेगळे धुवायची, तरी तिच्या लुगड्यांना जांभळे डाग पडायचेच.

त्या कंपनीचे मालक कॉलेजात बास्केटबॉल खेळलेले होते. बॉयलरच्या मागे त्यांनी सिमेंटचं कोर्ट बांधून घेतलं होतं आणि दरवर्षी कारखान्यांच्या स्पर्धेत आपली टीम उतरवायचे. टीम हरायची. ती सांभाळायचे नंदकुमार वर्तक, देखभाल खात्यातले इंजिनियर. एके दिवशी भगवान वरच्या फळीवरचं पिंप सहज उतरवून घेताना त्यांनी पाहिलं आणि ते तिथेच थांबले.

"बास्केटबॉल खेळशील का?"

"ते काय असतं साहेब?"

भगवान तेव्हा पंचविशीचा. त्या वयात खेळ शिकणं अवघड. बॉल हातात आला की तो पिंपासारखा पोटाशी धरायचा. पण वर्तक चिवट होते आणि भगवान त्यांच्याहून चिवट. शिफ्ट सुटल्यावर बाकीचे बस पकडायला धावायचे, हा रिंगखाली उभा राहून बॉल टाकत बसायचा. त्याच्या मापाचे बूट तुर्भ्यात मिळेनात. तेव्हा एका चांभाराने कॅनव्हासला टायरचा तळ लावून जोड शिवून दिला. त्यात पळताना सिमेंटवर फटफट आवाज व्हायचा. दोन वर्षांत भगवान टीमचा सेंटर झाला, म्हणजे रिंगखाली उभं राहून बॉल अडवणारा आणि टाकणारा मुख्य गडी. टीम जिंकायला लागली. मालक मॅचला येऊन बसायला लागले.

वर्तकांचा एक चुलतभाऊ अमेरिकेत होता. तो तिकडची खेळाची मासिकं पाठवायचा. जेवणाच्या सुट्टीत वर्तक ती उघडून खेळाडूंच्या गोष्टी सांगायचे. एका मॅचमध्ये एकट्याने शंभर गुण करणारा चेंबरलेन. हात वर नेऊन डोक्यावरून बॉल सोडणारा अब्दुल-जब्बार, ज्याला कोणी अडवूच शकत नाही. भगवान चित्रं निरखून बघायचा. त्याच्याहून उंच माणसं त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिली, ती कागदावर.

"हे कोणत्या कंपनीत आहेत, साहेब?"

"कंपनीत नाहीत रे. खेळणं हेच त्यांचं काम."

"म्हंजी शिफ्ट नाही?"

"नाही."

"मग खेळून झाल्यावर काय करतात?"

वर्तक हसले. भगवान हसला नाही. त्याला ते खरंच कळत नव्हतं.

एकदा वर्तकांनी रसेल नावाच्या खेळाडूची गोष्ट सांगितली. त्याच्याइतक्या वेळा कोणीच अजिंक्यपद मिळवलं नाही. पण कातडी काळी म्हणून एका गावात मॅचच्या आधी त्याला खायला द्यायला नकार दिला होता. "एवढा जिंकला, तरी?" भगवानने विचारलं. "तरी," वर्तक म्हणाले. भगवानच्या गावच्या हॉटेलात त्याच्या बापाची कपबशी बाहेर वळचणीला ठेवलेली असायची आणि ती बापालाच धुवायला लागायची. हे तो वर्तकांना बोलला नाही. घरी येऊन रखमाला मात्र म्हणाला, "तिकडंबी तसंच हाय."

भगवान खेळायचा कंपनीकडून, पण कागदावर तो कंपनीचा नव्हताच. दर काही महिन्यांनी ठेकेदार त्याला घरी बसवायचा आणि पुन्हा नव्याने घ्यायचा, म्हणजे कायम करायची वेळ येत नाही. मालक पाठीवर थाप मारायचे, "बघू, तुझं करू." कायम झालेल्यांच्या आजारपणाचं कंपनी बघायची, त्यांना सिडकोच्या घरासाठी कंपनीचा दाखला मिळायचा. भगवानची मुलगी अरुणा शाळेत जायला लागली तरी ते बयाबाईच्याच खोलीत होते.

ब्याऐंशी साली मुंबईत गिरण्यांचा संप झाला. खाडीपलीकडून माणसं कामाच्या शोधात पावण्याला यायला लागली. गेटवर सकाळी रांग लागायची. जाणते, हुशार कारागीर झाडू मारायला तयार होते. आपण हाडाने धडधाकट आणि उंच आहोत, एवढंच आपल्याकडे आहे, हे भगवानला त्या रांगेकडे बघताना कळायचं.

त्र्याऐंशीच्या स्पर्धेआधी कामगार अधिकाऱ्याने त्याला केबिनमध्ये बोलावलं. "या वर्षी काही जागा कायम करायच्यात. साहेबांनी तुझं नाव घेतलंय. चषक आला पाहिजे मात्र."

उपांत्य सामन्यात बॉल घेऊन खाली येताना भगवानचा पाय दुसऱ्याच्या पायावर पडला. गुडघ्यातून कडकन आवाज आला. टीमने मॅच जिंकली, पण भगवानला उचलून टेम्पोत घालावं लागलं. ठाण्याच्या डॉक्टरांनी गुडघा हलवून बघितला. आतला दोर तुटलाय, म्हणाले. प्लास्टर घाला, मग ऑपरेशन, आणि खेळ बंद. अंतिम सामना पुढच्याच रविवारी होता.

वर्तक खोलीवर आले. रखमाने त्यांना पाटावर बसवलं. भगवान भिंतीला टेकून होता आणि त्याचा पाय सुजून उशीएवढा झाला होता.

"तुला विलिस रीड सांगितलाय का मी?" वर्तक म्हणाले.

"नाही."

"सत्तर सालची गोष्ट. अजिंक्यपदाचा शेवटचा सामना. समोर चेंबरलेन. रीडच्या मांडीचा स्नायू फाटलेला, तो येणारच नाही असं सगळे धरून चाललेले. त्याने आत इंजेक्शन घेतलं आणि लंगडत मैदानात आला. समोरची टीम सराव सोडून बघत राहिली. मॅच सुरू झाली आणि पहिले दोन बास्केट त्याने केले. लोक वेडे झाले. टीम जिंकली."

मग रखमा म्हणाली, "साहेब, ह्यांचा पाय हाय का कंपनीचा?"

"वहिनी, मी जबरदस्ती करत नाही. तो नाही खेळला तरी चालेल."

"आन् कायम?"

वर्तक चपला घालायला उठले.

ते गेल्यावर रखमा नवऱ्यासमोर येऊन बसली. "अवो, जाऊ नगा. म्या करीन काम. बाटल्या धुवायच्या कारखान्यात बाया घ्यायलेत."

"गेटवरची रांग बघितली का तू? यंदा नाही झालं तर कधीच नाही व्हायचं."

"पाय गेला तर?"

"पाय नुसता घेऊन तरी काय करू?" भगवान ओरडला. तो घरात कधी ओरडत नसे. अरुणा रडायला लागली.

रविवारी तुर्भ्याच्या एका डॉक्टरने गुडघ्यात बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि वर घट्ट पट्टी बांधली. भगवान मैदानात उतरला तेव्हा आपला पाय मांडीपासून पुढे कोणी काढून नेलाय असं त्याला वाटत होतं. पहिल्या काही मिनिटांत त्याने बॉल अडवला, टाकला, लोक ओरडले. मध्यंतराला वर्तक म्हणाले, "बसतोस का?" तेवढ्यात मालकच तिथे आले. "शाबास! असाच खेळ." भगवान पुन्हा उतरला. उत्तरार्धात इंजेक्शनचा जोर ओसरला. प्रत्येक उडीला त्याच्या डोळ्यांपुढे अंधार येत होता. शेवटी तो उडी मारत नव्हता, नुसते हात वर करून उभा होता, आणि त्याच्या हातांच्या उंचीनेच समोरचे चुकत होते.

कंपनी जिंकली. चषकासोबत फोटो काढताना दोघांनी त्याला काखेतून धरलं होतं.

कायम करायच्या माणसांची यादी लागली आणि तिच्यात भगवानचं नाव होतं. त्या रात्री रखमाने गोड केलं. पण कायम होण्याआधी कंपनीच्या डॉक्टरची तपासणी असते. भगवान काठी टेकत गेला. डॉक्टरने उकिडवं बसायला सांगितलं. भगवानने खिडकीचा गज धरून बसायचा प्रयत्न केला आणि तो कोसळला.

"अनफिट," डॉक्टर म्हणाला. वाईट बोलला नाही. त्याचं कामच ते होतं.

भगवान तसाच कामगार अधिकाऱ्याकडे गेला. "साहेब, हा पाय कंपनीसाठीच गेला."

"कामावर गेला का? मैदानावर गेला. शिवाय तू तेव्हा आमचा कामगारच नव्हतास, ठेकेदाराचा होतास."

ठेकेदार म्हणाला, मी कुठे खेळायला पाठवलं होतं?

सरकारी इस्पितळात ऑपरेशनची तारीख मिळायला पाऊसकाळ उलटला. तोवर गुडघा आतून जुळायचा तसा जुळून गेला होता. ऑपरेशननंतर दुखणं कमी झालं, पण पाय काठीसारखा ताठ राहिला, वाकेना. रखमा बाटल्या धुवायला जाऊ लागली. सोड्याच्या पाण्याने तिच्या हातांची सालं निघाली. भगवान दिवसभर खोलीत असायचा. कौलं सरकवायला आता कोणी हाक मारत नव्हतं. रखमा येऊन स्वयंपाकाला लागली की तो भिंतीकडे तोंड करून पडायचा.

एकदा सकाळी तो कंपनीच्या गेटवर जाऊन थांबला. मालकांची गाडी आली. वॉचमन त्याला बाजूला ओढत होता, पण मालकांनी काच खाली केली.

"अरे, आपला सेंटर! कसा आहेस? पाय बरा?"

"साहेब, काम..."

"काळजी घे हं पायाची." गाडी आत गेली.

इतक्या प्रेमाने ते बोलले होते की भगवानला क्षणभर बरं वाटलं. मग लाज वाटली. त्या दिवशी तो घरी गेला नाही. वाशीच्या पुलावर कठड्याला धरून दुपारभर उभा राहिला. ओहोटी होती, खाली नुसता चिखल होता. या चिखलात पडलो तर मरणारही नाही, रुतून बसू आणि कोणाला तरी ओढून काढावं लागेल, असं त्याच्या मनात आलं. पुढे रखमाला हे सांगताना तो म्हणाला की त्या विचारानेच त्याला रडू फुटलं.

पुलावरून तो सरळ वाशीत, वर्तकांच्या सोसायटीत गेला. वर्तकांच्या बायकोने, वैशालीताईंनी दार उघडलं, त्याला खुर्ची दिली, ताठ पायाखाली स्टूल सरकवलं. वर्तक समोर येऊन बसले.

"साहेब, त्या रीडचं पुढं काय झालं?"

"त्या दिवशी ते दोनच बास्केट. नंतर त्याने एकही गुण केला नाही. अख्खी मॅच खेळलाही नाही, त्याला बाहेर घेतलं. चार वर्षांनी गुडघ्यांमुळे त्याचा खेळ संपला."

"हे तुमाला तवा म्हाईत होतं?"

"होतं."

"मग?"

"सगळं सांगितलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"न्हाई म्हनलो नसतो," भगवान म्हणाला. "पर त्याच्यावानी मीबी मधी बसलो असतो." मग त्याने विचारलं, "खेळ संपल्यावर काय केलं त्यानं?"

"त्याच टीमने त्याला कोच केला."

"मला वॉचमन तरी करा, साहेब."

वैशालीताई आत निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी वर्तक मालकांच्या केबिनमध्ये गेले आणि जे बोलले त्याने त्यांची बढती हुकली, पण भगवानचं काही झालं नाही. मग ते रोज संध्याकाळी वसाहतीतल्या लहान कारखान्यांची दारं ठोठावत फिरले. बहुतेकांनी पाय बघून मान हलवली. शेवटी रबराचे वॉशर बनवणाऱ्या एका गाळ्यात बसून करायचं काम मिळालं, साच्यातून निघालेल्या वॉशरच्या कडा ब्लेडने कापायचं.

पहिल्या दिवशी रखमा त्याच्यासोबत गाळ्यापर्यंत गेली. गाळा अरुंद होता. भगवान बाकावर बसला, पण पाय बाकाखाली दुमडता येईना. तो वाटेत आडवा आला. माल नेणाऱ्या माणसांना त्याच्यावरून पाय टाकून जावं लागे. भगवान प्रत्येकाला "माफ करा" म्हणायचा. काही महिन्यांनी त्याने म्हणणं सोडलं. माणसंही त्या पायाकडे न बघता तो ओलांडून जायला लागली.