गोलकीपरचं साक्षगंध

परवा रविवारी दुपारी अडीच वाजता अकोल्यात, तिथल्याच क्लबाशी, आमच्या क्लबाचा या हंगामातला शेवटचा सामना आहे. तुम्ही नातवंडं तिकडे जे फुटबॉल पाहता त्याच्याशी याची तुलना करू नका. आमच्याकडे काळी माती, चुन्याच्या रेघा आणि कडेला मंडपवाल्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या. दुसऱ्या गटातली स्पर्धा आहे ही. याच्याखाली एकच गट उरतो, आणि तिथे घसरलेला क्लब सहसा वर येत नाही, कारण तोवर चांगली मुलं दुसरीकडे निघून जातात. परवा नुसती बरोबरी झाली तरी आम्ही वाचतो. हरलो तर खाली.

मी या फुटबॉलच्या नादी कशी लागले, हे तुमच्या आईने तुम्हाला विचारून ठेवायला सांगितलं होतं. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे तेव्हा हा क्लब आमच्याच मैदानावर सराव करायचा. स्टाफरूमच्या खिडकीतून दिसायचं. वह्या तपासता तपासता पाहू लागले, निवृत्त झाले, वह्या संपल्या, पाहणं राहिलं. तुमचे आजोबा सोबतीला येतात आणि वर्तमानपत्र वाचत बसतात.

आमचा गोलकीपर माझा जुना विद्यार्थी. मोर्शीकडचा, संत्र्याच्या बागवाल्यांचा मुलगा. इथे अमरावतीत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. उंच, हात मोठे, बोलणं कमी. वर्गात प्रश्न विचारला की तो उभा राहायचा, आणि मग उभाच राहायचा. आमचा दुसरा गोलकीपर दिवाळीत नोकरीसाठी पुण्याला गेला. म्हणजे हा नसेल तर गोलात उभं राहणारं कोणी नाही.

आता मागच्या पंधरवड्यात काय झालं ते सांगते. या मुलाचं लग्न हिवरखेडच्या एका मुलीशी ठरलं. साक्षगंधाचा, म्हणजे तुमच्या साखरपुड्याचा, मुहूर्त विचारायला त्याचे वडील संत्र्यांची टोपली घेऊन आमच्याकडे आले. तुमच्या आजोबांनी आयुष्यभर वकिली केली, पण त्यांचे वडील भिक्षुकी करायचे आणि पंचांग त्यांनी घरीच शिकून घेतलं. त्यामुळे ओळखीची माणसं मुहूर्ताला त्यांच्याकडेच येतात. धनुर्मासात अशी कार्यं करत नाहीत, म्हणून तो लागायच्या आत उरकायचं होतं. आजोबांनी चष्मा लावला, मार्गशीर्षातली एक चांगली तिथी काढून दिली, दुपारी तीनची वेळ दिली आणि वर पेढा खाल्ला.

ती तिथी म्हणजे परवाचा रविवार. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी त्या रविवारभोवती लाल पेनने गोल केलेला आहे. पण आजोबांच्या डोक्यात तिथी होती आणि माझ्या भिंतीवर तारीख, आणि मधे स्वयंपाकघराचा पडदा.

मला कळलं ते सरावाच्या वेळी. मुलगा माझ्या खुर्चीजवळ येऊन बराच वेळ हातमोजे काढत राहिला. मग म्हणाला, “बाई, रविवारी मले जमत नाई.” घरचं काम आहे म्हणाला. कसलं काम ते काढून घ्यायला मला सगळी जुनी मास्तरकी वापरावी लागली. वडिलांना सामन्याचं सांगितलं का, असं विचारलं तर म्हणाला,

“वकीलसाहेबानं मुहूर्त काढला, बाई. त्याईले कोन बोलनार?”

घरी येऊन मी आजोबांना पडद्यापलीकडे नेलं आणि कॅलेंडर दाखवलं. त्यांनी पंचांग पुन्हा उघडलं. त्याच दिवशी सकाळी नऊचाही मुहूर्त होता, आणि तोही चांगला होता. तीनची वेळ त्यांनी दिली ती सकाळी मोर्शीला संत्र्याची गाडी भरायची असते म्हणून, मुलाकडच्यांची सोय पाहून. मी म्हटलं, मग सकाळची वेळ कळवून टाका. ते म्हणाले, मुलीकडच्यांनी जेवण सांगितलं असेल, पाहुण्यांना निरोप गेले असतील. “खेळासाठी वेळ बदला म्हणून सांगायचं? ते म्हणतील, पोरगा आत्तापासूनच असा.”

मुलाच्या वडिलांना फोन केला. त्यांना सामन्याचं ऐकून वाईट वाटलं, गाडी आदल्या रात्री भरू म्हणाले, पण हिवरखेडला जाऊन बोलायला ते तयार होईनात. माझ्याने नाही होणार, वकीलसाहेब, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

म्हणून बुधवारी आम्ही दोघंच गेलो. दर्यापूर, अकोट, पुढे हिवरखेड. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणी चाललेली. आजोबा गाडीत आपली बाजू कशी मांडायची याची तयारी करत होते. ग्रहांपासून सुरुवात करून हळूहळू वेळेवर यायचं, असा त्यांचा बेत होता. मी म्हटलं, सरळ सांगा. ते म्हणाले, अशा गोष्टी सरळ सांगायच्या नसतात.

मुलीचे वडील शांत गृहस्थ. त्यांच्या शेजारी त्यांची थोरली बहीण, म्हणजे मुलीची आत्या, बसली होती आणि घर कोणाच्या हातात आहे हे पाहताक्षणी कळत होतं. चहा आला, चिवडा आला. आजोबांनी गुरूपासून सुरुवात केली. मग शुक्र. मग मुहूर्ताचा फेरविचार करावा लागणं हे कसं अशुभ नसतं, ते. आत्याबाईंनी हातातली बशी खाली ठेवली.

“वकीलसाहेब, तुमी सरळ सांगा. सोयरीक मोडून राहिले का?”

मुलीच्या वडिलांचा चेहरा उतरला. आजोबा पुन्हा गुरूकडे वळायच्या आत मीच बोलले. म्हटलं, सोयरीक पक्की आहे. मुलाचा त्याच दिवशी दुपारी अकोल्यात फुटबॉलचा सामना आहे. तो गोलकीपर आहे, त्याच्याऐवजी दुसरा नाही. साक्षगंध सकाळी नऊला झालं तर जेवून तो वेळेत पोहोचेल. तुमची गैरसोय होत असेल तर तसं सांगा, आम्ही राग मानणार नाही.

मुलीचे वडील बहिणीकडे वळले. “पाह्य, म्या म्हनलं होतं का नाई?”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तीनची वेळ ऐकल्यापासून हे लोकही अडचणीत होते. आचाऱ्याने संध्याकाळी दुसऱ्या लग्नाचं जेवण घेतलेलं. लांबच्या पाहुण्यांना अंधार पडायच्या आत घरी परतायचं. सकाळ झाली असती तर बरं, असं घरातलं प्रत्येक माणूस म्हणत होतं, पण मुलाकडून आलेला मुहूर्त, तोही अमरावतीच्या वकीलसाहेबांनी काढलेला. “पोरीच्या बापानं कसं बोलावं जी?” असं ते मला म्हणाले.

आजोबांनी कप खाली ठेवला. “म्हणजे तीन वाजता कोणालाच नको होतं?”

“तुमाले सोडून,” आत्याबाई म्हणाल्या.

आजोबा हसले, मग सगळेच हसले, आणि चिवड्याची दुसरी बशी आली. निघताना आत्याबाईंनी चौकशी केली की पोरगा नेमका कोणाकडून खेळतो. हिवरखेड अकोला जिल्ह्यातलं. तो अमरावतीकडून खेळतो हे कळल्यावर त्यांनी जाहीर केलं की त्या घरच्या सगळ्यांना घेऊन सामन्याला येणार, पण ओरडणार अकोल्याच्या बाजूने, जावई असला तरी. तेव्हा दारात उभी असलेली मुलगी पहिल्यांदा बोलली. ती म्हणाली, “मी गोलाच्या मांगं उभी राईन, आत्या. हाफटाइम झाला का तिकडच्या गोलामांगं.” आत्याबाईंना ते कळलं नाही. मला कळलं, कारण हाफटाइमनंतर गोलकीपर बाजू बदलतो, आणि या दोघांचं फोनवर बोलणं होतं हेही कळलं.

परतीच्या वाटेवर अकोटला चहाला थांबलो तेव्हा आजोबा म्हणाले, पुढच्या वेळी मुहूर्त काढण्याआधी तुझं कॅलेंडर पाहीन. मला इतकं हलकं वाटत होतं की मी टोमणा मारायचीही विसरले.

काल संध्याकाळी सराव झाला. मुलगा उजवीकडे उडी घेत होता, डावीकडे घेत होता, बाहेर जाणाऱ्या चेंडूंवरही घेत होता. नंतर माझ्याकडे आला. आता त्याला अंगठीची काळजी. सामन्यात रेफरी अंगठी घालू देत नाही, आणि आत्याबाईंचा निरोप आहे की घातलेली अंगठी त्या दिवशी काढायची नाही. सामन्यापुरती ती मी माझ्या पर्समध्ये ठेवीन का, असं त्याने विचारलं.

मी म्हटलं, “तुझी नवरी गोलाच्या मागेच उभी राहणार आहे. तिच्याकडे दे. तिने स्वतः काढून घेतली तर आत्याबाई काही म्हणणार नाहीत.”

तो “हो जी,” म्हणाला, आणि चेंडू गोळा करायला गेला.

माझी तयारी झाली आहे. थर्मास, शाल, आजोबांची टोपी, सोललेल्या संत्र्यांचा डबा. आज सकाळी आजोबा पंचांग घेऊन बसलेले दिसले. मी विचारलं, रविवारी अडीचची वेळ कशी आहे? त्यांनी पंचांग मिटलं आणि म्हणाले, “गोलकीपर येतोय ना? मग बघू अकोल्याचं.”