गोदाबाईची धुरी

३ डिसेंबर २०२४, मंगळवार. सकाळी दाट धुकं. राइस मिलमध्ये जाळलेल्या कोंड्याची काळी राख पुन्हा ओट्यावर. दुपारी गोदाबाई आली. चहा नको म्हणाली. जुन्या डायऱ्या काढल्या.

गोदाबाई चहा नको म्हणते, हे पन्नास वर्षांत मी प्रथमच लिहिलं.

ती मूळची रामपायलीची. लग्न होऊन बालाघाटला आली आणि सासूच्या हाताखाली बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालायला शिकली. १९७४ साली माझा अनुराग झाला, तेव्हा ती जेमतेम विशीची. पाटावर पाय पसरून बसायची, बाळाला पायांवर पालथं घेऊन तेल चोळायची. पाण्यात कोपर बुडवून बघायची आणि मलाच दटावायची, "इतकं गरम काहून केलं?" न्हाणं झालं की खिडकी लावून घ्यायची, शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा आणि लसणाची सालं टाकायची आणि त्या धुरावर बाळाला हलकेच फिरवायची. माझ्या केसांना दिवसभर तो वास असायचा. अजूनही कुठे ओवा जळला की मी पंचवीस वर्षांची होते. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी स्वच्छ हवेचे धडे आमच्याकडून पाठ करून घेतले होते. त्या खोलीत मला त्यांची आठवण कधी झाली नाही.

आमच्या गल्लीतली दोन पिढ्यांची मुलं तिच्या पायांवरून गेली. तिची स्वतःची नात खुशीसुद्धा. खुशीला लहानपणापासून दमा. पर्समध्ये पंप असतोच. दहा दिवसांपूर्वी तिला मुलगी झाली. डॉक्टरांनी बाळाजवळ कसलाही धूर नको म्हणून बजावलं.

"म्हणते, दादी, हाथ मत लगाना," गोदाबाई म्हणाली. "साऱ्या गावाची लेकरं न्हाऊ घातली, अन् माह्या पणतीले मीच नाही? वहिनी, तुमच्या वहीत सारं लिवून असते. अनुरागबाबूले काही झालं का? दाखवा तिले."

मला वाटलं, सोपं काम आहे. १९७४ची डायरी उघडली आणि मोठ्याने वाचू लागले. "गोदाबाईने धुरी दिली. बाळ पुष्कळ खोकलं. ती म्हणते, कफ सुटून राह्यला." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी, "डोळ्यांतून पाणी, फार रडलं." ही ओळ गाळावी असं मनात आलं. गाळली नाही.

"मी असं म्हनलं होतं?"

"हौ. आणि मी ते आनंदाने लिहिलं."

तिने माझ्या हातातली डायरी घेऊन मिटली. मग म्हणाली, "खुशीचा दमा मीच देल्ला का?"

माझी भाची मधुवंती नागपूरला छातीच्या विकारांची डॉक्टर आहे. तिला फोन लावून स्पीकरवर ठेवला. ती म्हणाली, "मावशी, आईबापांकडून आलेली जनुकं धुराने सहसा बदलत नाहीत, पण कुठलं चालू राहावं, कुठलं बंद, याच्या खुणा त्यांच्यावर असतात. धुराने त्या खुणा बदलू शकतात. मग शरीराचे पहारेकरी साध्या धुळीवरही तुटून पडतात आणि श्वासनळ्या सुजतात. पोटातल्या बाळापर्यंतही हे पोचू शकतं. चूल, मिल, रस्ता, सगळ्यांचाच धूर त्यात आला."

"म्हंजे मी नाही न?"

"तुम्हीच, असं नाही. तुम्ही नाहीच, असंही कुणी सांगू शकत नाही."

फोन ठेवल्यावर गोदाबाई म्हणाली, "लई इमानदार आहे मेली. थोडं खोटं बोलली असती तं काय गेलं असतं?" पदराने डोळे पुसले. "खुशीले सांगा, शेगडी नाही आणत. तेल तं लावू देईल न?"

मी खुशीला फोन केला. ती हसलीच. "आजी, मालिश को मैंने कब मना किया? मी म्हटलं, धूर नको. तं दादी शेगडी घेऊन दारातच उभी! म्हणे, धुरी नाही तं न्हाणंबी नाही. तेव्हा बोलली मी, हाथ मत लगाना."

मी गोदाबाईकडे पाहिलं. ती भिंतीकडे पाहत होती.

"उद्या आठ वाजता येतो म्हणा," ती म्हणाली. "पाणी मी पाहीन. कोनी हात नोको लावजा."

ती गेल्यावर आजच्या नोंदीत पुढे लिहिलं: गोदाबाई उद्या आठला खुशीकडे, शेगडीशिवाय. पांघरुणं उन्हातून आत घेतली. मेथीच्या दोन जुड्या निवडून ठेवल्या.